आज्ञाधारकाचा वांटा

नव्या पेठेंत आमच्या एका स्नेह्यांचें कापडाचें दुकान आहे. सायंकाळीं तेथें चार वृद्ध मंडळी जमतात. परवां गोष्ट निघाली ती जनरल अरुणकुमार वैद्य यांची. एक निवृत्त मास्तर म्हणाले, "सैनिकानें हुकूम पाळला, त्यांत त्याचा अपराध कोणता?" त्यावर दुसरे म्हणाले, "मग हुकूम पाळणारास पाप लागतच नाहीं म्हणावयाचें कीं काय?" दुकान बंद करण्याची वेळ झाली आणि वाद तेथेंच राहिला, प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरीं आला.

जून १९८४ मध्यें अमृतसरच्या हरिमंदिराच्या आवारांत सैन्य शिरलें. भिंद्रनवाले व त्यांचे सशस्त्र अनुयायी यांनीं अकाल तख्तांत मोर्चे बांधिले होते. पंजाबांत तत्पूर्वीं कित्येक निरपराध माणसें मारलीं गेलीं होतीं. तेव्हां त्या स्थानाच्या पावित्र्यास पहिला धक्का बाहेरून बसला नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. परंतु ते दिवस गुरु अर्जुनदेवांच्या बलिदानाच्या स्मरणाचे होते. दूरदूरचे यात्रेकरू आंत होते, आणि कित्येकांस बाहेर पडतां आलें नाहीं. रणगाड्यांच्या तोफांनीं अकाल तख्त भंगलें, ग्रंथालय जळालें. सरकारी श्वेतपत्रिकेनें सैन्याचे ८३ व आवारांतील इतर ४९३ मृत सांगितले. दुसरा आंकडा याहून पुष्कळ मोठा, असें अनेकांचें म्हणणें आहे.

हें सारें दूरच्या पंजाबांतलें, असें म्हणून आपणांस सुटतां येत नाहीं. त्या मंदिरांत ज्या ग्रंथाचें कीर्तन चालतें, त्यांत आपल्या नामदेवांचीं पदें आहेत. आणि ज्यांच्या हाताखालीं सैन्य होतें ते सरसेनापति आपल्या अलिबागचे, १९६५ व १९७१ च्या युद्धांत दोनदां महावीरचक्र मिळविलेले.

त्या कारवाईचे प्रत्यक्ष नेतृत्व करणारे मेजर जनरल कुलदीपसिंग ब्रार हे स्वतः शीख. त्यांनीं पुढें एक हकीकत सांगितली आहे. आंत जाण्यापूर्वीं त्यांनीं सैनिकांस म्हटलें कीं, ज्याच्या मनास हें पटत नसेल त्यानें बाजूस व्हावें, त्यास कोणी जाब विचारणार नाहीं. कोणी बाजूस झाला नाहीं. ही गोष्ट सेनापतीस भूषणावह आहे खरी; पण तिच्या पोटांत एक पेंच आहे. ज्यास मागें राहण्याची मुभा मिळाली त्याचें पुढें जाणें हें नुसतें हुकूम पाळणें उरत नाहीं. तें त्याचें स्वतःचें कृत्य होतें. भीष्म मिठास जागला, म्हणून आपण त्यास दुष्ट म्हणत नाहीं; पण द्रौपदीच्या प्रश्नाचा निर्णय देण्याचें त्यानें टाळलें, हेंही आपण विसरत नाहीं. वैद्यांकडे असाच एक वांटा येतो, असें मला वाटतें. हुकूम देणाराहून तो लहान असेल, पण शून्य खास नव्हे.

आणि हुकूम मोडणारे तरी निर्मळ राहिले काय? त्याच महिन्यांत बिहारांत रामगढ येथें संतापलेल्या शीख सैनिकांनीं बंड केलें, व त्यांच्याच ब्रिगेडियरचा जीव गेला.

पुढें वांटणी करण्याचें काम सूडानें हातीं घेतलें. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजीं इंदिरा गांधींस त्यांच्याच दोघां शीख अंगरक्षकांनीं गोळ्या घातल्या. त्यानंतरच्या कांहीं दिवसांत एकट्या दिल्लींत, सरकारी मोजणीनेंच, २,७३३ शीख मारले गेले. त्यांनीं ना हुकूम दिला होता, ना पाळला होता. पंतप्रधान मनमोहनसिंग यांनीं संसदेंत त्याबद्दल क्षमा मागितली ती २००५ सालीं. आणि १० ऑगस्ट १९८६ रोजीं पुण्यांत, निवृत्त होऊन सात महिनेही झाले नव्हते तोंच, पत्नीसह स्वतः मोटार चालवीत जात असतां वैद्यांचा खून झाला. मारेकऱ्यांस ९ ऑक्टोबर १९९२ रोजीं येरवड्यास फांशी दिलें. कांहीं शीख संघटना त्यांस हुतात्मे मानतात.

येथें सोलापूरकराची जीभ जरा अडखळते. १९३० सालीं आमच्या गांवांत लष्करी अंमल बसला होता, व त्या प्रकरणीं आमचे चौघे त्याच येरवड्यास १२ जानेवारी १९३१ रोजीं फांशी गेले. त्यांचे पुतळे आम्हीं उभारले आहेत. मग दुसऱ्याच्या हुतात्म्यास नाकारण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला? पुष्कळ विचारानें मला एकच भेद दिसतो. आमच्या चौघांवर पोलिसांच्या हत्येचा आरोप होता, आणि तो खोटा होता असें समजून आम्हीं त्यांस वंदन करितों. त्या दोघांनीं आपलें कृत्य लपविलें नाहीं, आणि तें केलें म्हणूनच त्यांस वंदन होतें. हा भेद मला पुरेसा वाटतो. पण ज्याचा बाप त्या आवारांत यात्रेस जाऊन परतला नाहीं, त्यास तो पुरेसा वाटेल, असें मी छातीवर हात ठेवून सांगूं शकत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं ब्रारांची ती हकीकत मीं मास्तरांस ऐकविली. ते बराच वेळ गप्प होते. मालकांनीं कपड्यांचीं ठाणें आंत घ्यावयास सुरुवात केली, तेव्हां उठतां उठतां ते म्हणाले, "आणि त्या दिवशीं एखादा बाजूस झाला असता, तर त्यास आपण काय म्हटलें असतें?"