तारू फुटण्यापूर्वीची उपकारस्तुती

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये २७ : ३३ ते २८ : २



तारवावर २७६ माणसे होती. चौदा दिवस वादळ चालले होते व कोणाच्या पोटात धड अन्न नव्हते. किनारा लाभला नव्हता. तारू तर अजून फुटावयाचे होते. अशा वेळी पौलाने भाकर घेतली, सर्वांसमक्ष देवाची उपकारस्तुती केली, ती मोडली व तो खाऊ लागला. आपण बहुधा उलट करितो. आधी सुटका होऊ द्या, मग स्तुती करू, असे आपल्या मनात असते. पौलाच्या हाती भाकर होती. तेवढे कारण त्यास पुरले.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील मंडळ्यांत हा पाठ वाचिताना आम्हांस सन २०१९ चा जुलै आठवतो. ता. २६ च्या रात्री मुंबईहून कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. गाडीत सुमारे १०५० उतारू होते. त्यांत नऊ गरोदर स्त्रिया होत्या. रात्रभर सभोवार पाणी! दुसऱ्या दिवशी आपत्ती निवारण दलाचे जवान, नौदलाची माणसे व आसपासचे गावकरी यांच्या साहाय्याने सर्व जण सुखरूप बाहेर आले.

त्याच पुराचे पाणी नदीकाठच्या पुष्कळ घरांत शिरले होते. पूर ओसरल्यावरच्या उपासनेत आम्ही लांब प्रार्थना केली. उतारूंची आठवण केली, जवानांची केली, अधिकाऱ्यांचीही केली. काही राहिले असे आम्हांस वाटले नाही. (लांब प्रार्थनेत माणसे हरवतात, हे आम्ही उशिरा शिकलो.) उपासना आटोपल्यावर एक वृद्ध आई जवळ येऊन म्हणाली, “पाळकसाहेब, माझी चूल पाण्यात होती. समोरच्या सिंधी बहिणीने दोन दिवस मला जेवू घातले. मी मनात तिचे नाव घेतले. पण ते मंडळीने देवापुढे घ्यायला पाहिजे होते.”

आम्हांस उत्तर सुचले नाही.

त्या बहिणीचे वाडवडील सन १९४७ च्या फाळणीत सिंध सोडून कल्याणच्या लष्करी छावणीतील बराकींत येऊन राहिले होते. त्या छावणीचेच पुढे उल्हासनगर झाले. परक्या भूमीत मिळालेल्या घासाचे मोल त्या घरास आमच्याहून अधिक ठाऊक असावे.

तारू फुटल्यावर पौल माल्टा बेटावर पोहोचला, तेव्हा पाऊस पडत होता व थंडी होती. बेटावरचे लोक यहूदी नव्हते, विश्वासणारेही नव्हते; तरी त्यांनी शेकोटी पेटवून सर्वांस जवळ घेतले. लूकाने ती शेकोटी शास्त्रात लिहून ठेविली. आम्ही मात्र आमच्या दारासमोरची चूल वगळली!

खेड्यांतील सुवार्तिक बंधूंनो, उपकारस्तुतीची सभा भरवाल तेव्हा आधी लोकांस विचारा : या आठवड्यात तुम्हांस पाणी कोणी आणून दिले? आजाऱ्याजवळ रात्री कोण बसले? मग प्रार्थनेस उभे राहा.

पुढल्या रविवारी आम्ही स्वतः प्रार्थना केली नाही. ज्याने त्याने एकेक नाव घ्यावे, असे सांगितले. पहिले नाव त्या आईने घेतले. मग दूधवाला आला, रिक्षावाला आला, खांद्यावरून लेकरू नेणारा एक अनोळखी तरुण आला. त्याचे नाव कोणास ठाऊक नव्हते, म्हणून लेकराच्या बापाने त्याच्या निळ्या सदऱ्याचा उल्लेख करून देवाचे आभार मानिले. उपासना त्या दिवशी पाऊण तास उशिरा सुटली.