खाजगीपणाचा हक्क कोणाविरुद्ध?

जी. ए. कुलकर्णी आयुष्यभर प्रसिद्धीपासून कटाक्षाने दूर राहिले. १९८७ साली त्यांचे निधन झाल्यावर मात्र त्यांची खाजगी पत्रे खंडशः प्रकाशित झाली. सुनीता देशपांडे यांनी ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) मध्ये पु. ल. देशपांडे यांच्याबरोबरचे सहजीवन त्यांच्या हयातीतच परखडपणे तपासले. या दोन्ही घटनांना औचित्यभंगाचे एकच माप लावणे योग्य नव्हे. सहजीवन दोघांचे असते. एकाच्या कीर्तीसाठी दुसऱ्याने मौन पाळावे, अशी अपेक्षा अन्यायाची ठरते. खाजगीपणाचा हक्क असतो तो तिऱ्हाइताच्या कुतूहलाविरुद्ध, आणि वाचक हा तिऱ्हाईतच होय. लेखकाने त्याला साहित्यकृती दिलेली असते, स्वतःचे आयुष्य नव्हे. पत्रांमुळे निर्मितिप्रक्रियेवर प्रकाश पडतो हे खरे. परंतु तेवढ्यावरून दिवंगत लेखकाची संमती गृहीत धरता येत नाही. म्हणूनच अशा पत्राचा आधार घेणाऱ्या समीक्षकाने आधी स्वतःला विचारावे : या मजकुरावाचून कृतीचा अर्थ खरोखरच अपुरा राहतो काय? उत्तर नकारार्थी असेल, तर जे उरते ती समीक्षा नव्हे, कुचाळकी होय.