बुडालेल्या जहाजावर हक्क कोणाचा?



आपल्या सोलापूरपासून समुद्र फार लांब आहे. तरीही पाण्याखाली गेलेल्या गोष्टींची आपल्याला चांगली ओळख आहे. ज्या उजनीचे पाणी आपण पितो, त्या धरणात भीमाकाठची कितीतरी गावे गेली. उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेले की इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते. लोक हौसेने बघायला जातात. ज्यांचे गाव तेथे होते, ते मात्र वेगळ्या नजरेने बघतात. एकाला ते प्रेक्षणीय स्थळ वाटते, दुसऱ्याला त्यात आपला उंबरठा आठवतो. वर आलेली वस्तू एकच. मग तिच्यावर हक्क कोणाचा? जो पाहतो त्याचा, की ज्याचे काहीतरी तेथे बुडाले आहे त्याचा?

हाच प्रश्न समुद्राच्या तळाशी सापडणाऱ्या जहाजांविषयी जगभर विचारला जातो. स्वीडन देशाचे उदाहरण घेऊ. १० ऑगस्ट १६२८ रोजी 'वासा' नावाची मोठी युद्धनौका स्टॉकहोम बंदरातून पहिल्याच सफरीला निघाली. ६४ तोफा, पण वरचा भाग जड. वाऱ्याचा झोत आला, जहाज कलले, तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी शिरले आणि दीड किलोमीटरही न जाता ते बुडाले. सुमारे ३० माणसे गेली. चौकशी झाली, शिक्षा कोणालाच झाली नाही. बाल्टिक समुद्राचे पाणी कमी खारट असल्याने लाकूड पोखरणारा किडा तेथे टिकत नाही. त्यामुळे १९५६ मध्ये शोध लागला तेव्हा जहाज बरेचसे शाबूत होते. १९६१ मध्ये ते वर काढले गेले आणि आज ते संग्रहालयात उभे आहे.

त्याच कारागिरांनी बांधलेले दुसरे जहाज 'एप्लेट' डिसेंबर २०२१ मध्ये वॅक्सहोमजवळ तळाशी सापडले. त्याच्या ओकचे लाकूड १६२७ मध्ये तोडलेले आहे, असे तपासात कळले आणि ओळख पटली. हे जहाज मात्र वर काढलेले नाही. माहिती घेतली आणि त्याला तेथेच राहू दिले.

म्हणजे शोधणे वेगळे आणि घेणे वेगळे. हा फरक लहान वाटतो, पण सगळा प्रश्न त्यातच आहे.

आपल्या शेजारच्या गोव्यात मुरगावजवळ सुंची खडकापाशी सतराव्या शतकातील एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी पाण्यात उतरून पाहणी केली. लोखंडी तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, मर्तबान बरण्या असे बरेच काही मिळाले. हेच सामान भंगाराच्या काट्यावर गेले असते तर किलोचा भाव मिळाला असता आणि गोष्ट संपली असती. अभ्यासकाच्या हाती गेले म्हणून कळले की आफ्रिका, गोवा आणि चीन यांना जोडणारा व्यापार कसा चालत होता. वस्तू तीच, हात बदलला की अर्थ बदलतो.

उलट उदाहरणही आहे. फेब्रुवारी १९४२ मध्ये जावा समुद्रातील लढाईत डच युद्धनौका बुडाल्या आणि शेकडो खलाशी त्यांच्यासोबत गेले. २०१६ मध्ये पाणबुडे तेथे गेले, तेव्हा दोन जहाजे जागेवर नव्हतीच आणि तिसऱ्याचा मोठा भाग नाहीसा झाला होता. पोलाद आणि पितळ यांच्यासाठी कोणीतरी माणसांची थडगी उचलून नेली.

येथे कोणी विचारेल, "जिवंत माणूस उपाशी असताना मेलेल्यांच्या लोखंडाची एवढी काळजी कशाला?" प्रश्न टाळण्यासारखा नाही. पण हजारो टनांची जहाजे टोपलीत भरून नेता येत नाहीत. त्यामागे यंत्रे, पैसा आणि खरेदीदार असतात. आणि खरोखरच एखादा गरीब पोटासाठी तेथे उतरत असेल, तर त्याच्या भुकेचे देणे आपण जिवंत माणसांनी फेडायचे आहे. ते मेलेल्यांच्या खिशातून का फेडावे?

आपल्या देशाचीही अशी दोन जहाजे आहेत. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या समुद्रात आपली 'खुकरी' ही युद्धनौका शत्रूच्या पाणबुडीने बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्या घरांतली मुले अजून हयात आहेत. त्याच आठवड्यात, डिसेंबरच्या सुरुवातीला, पाकिस्तानची 'गाझी' ही पाणबुडी विशाखापट्टणमजवळ ९३ जणांसह बुडाली होती. २०२४ मध्ये आपल्या नौदलाने सांगितले की खोल पाण्यातील नव्या वाहनाने 'गाझी'ची जागा पाहिली, पण मृतांचा मान राखून तिला हात लावला नाही. आपल्यावर चाल करून आलेल्यांच्या बाबतीत हे केले, म्हणून ते आम्हाला मोठे वाटते. मृतांना मूठमाती देणे हे दयेचे काम आपण मानतो. समुद्राने आधीच ती दिली असेल, तर ती न उकरणे हेही त्याच दयेचे काम आहे.

मग 'वासा'चे काय? तेथे सापडलेले सांगाडे १९६३ मध्ये पुरले गेले आणि १९८९ मध्ये अभ्यासासाठी पुन्हा बाहेर काढले गेले. हे आम्हाला सहज पटत नाही. तरी त्यातून एक गोष्ट घडली. ज्या सांगाड्याला वर्षानुवर्षे पुरुष समजून 'गुस्ताव' म्हणत होते, तो एका स्त्रीचा आहे, हे २०२३ मध्ये डीएनए तपासणीने सिद्ध झाले. तिचे खरे नाव मिळाले नाही, पण 'ती' होती एवढे तरी जगाला कळले. एखाद्याविषयी खरे जाणून घेणे हाही मान देण्याचा एक प्रकार आहे, हे येथे मान्य करावे लागते.

लोक म्हणतात, चारशे वर्षे झाली, आता काय हरकत? आमचा विचार वेगळा आहे. काळ जातो तसे रडणारे संपतात. मेलेल्याची प्रतिष्ठा संपत नाही. 'खुकरी'च्या खलाशांसाठी बोलायला त्यांची माणसे आहेत. 'वासा'वरच्या त्या स्त्रीसाठी कोणी उरलेले नाही. म्हणून तिची जबाबदारी संपली असे नाही, ती परक्यांवर आली. जिचे कोणी नाही तिच्याशी आपण कसे वागतो, यावरून आपली परीक्षा होते, कारण तेथे जाब विचारणारा कोणी नसतो.

तेव्हा आमचे उत्तर असे: शोधावे, कारण सत्य बुडू देऊ नये. नोंद करावी, अभ्यास करावा. गरज असेल तेवढेच आणि संग्रहासाठीच वर काढावे, विक्रीसाठी कधीच नाही. आणि जेथे माणसे झोपली आहेत तेथे हात लावण्यापूर्वी स्वतःला विचारावे, आतमध्ये माझा भाऊ असता तर?

हे सर्व आपल्यापासून दूर नाही. आपल्या कबरस्थानातही अशा कबरी असतात, ज्यांवरचे नाव पावसाने पुसले आहे आणि जेथे कोणी येत नाही. येत्या नोव्हेंबरात आपल्या माणसांच्या कबरी स्वच्छ करताना शेजारच्या एखाद्या अनोळखी कबरीवरचे गवतही काढू या आणि एक मेणबत्ती तेथेही लावू या.