बाळाची गाठ आणि पूर्वजन्म

हेपॅटोब्लास्टोमा ही यकृताच्या कर्करोगाची दुर्मीळ गाठ बहुधा तीन वर्षांच्या आतील मुलांना होते. ज्या बाळाला पाप-पुण्य ठाऊकच नाही, त्याच्या दुखण्याचे मूळ कर्मविपाकात, म्हणजे पूर्वजन्मीच्या कर्मांच्या फळात, शोधावे का? वैद्यक साधे उत्तर देते: अपरिपक्व यकृतपेशींची वाढ बिघडते. रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीन, स्कॅन आणि बायोप्सी यांवरून निदान होते; अनेकदा सिसप्लॅटिन या औषधाने गाठ आकसवून मग शस्त्रक्रियेने काढतात. उरलेले यकृत पुन्हा वाढते, ही निसर्गाची केवढी कृपा! प्रारब्ध मानणाऱ्यालाही प्रयत्न सोडता येत नाहीत. आईबापांवर पूर्वजन्मीचा दोष लादणे तर क्रूरच. कर्करोगाच्या उपचारांसाठी खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचे कर्करोग रुग्णालय आहे. बाळाच्या पोटात गाठ हाताला लागली, तर नवसाआधी डॉक्टर गाठावा.