दरवाजा कधी हातात असतो

कोल्हापुरात जुलै लागला की भेटणारा माणूस आधी फूट विचारतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५५ फुटांच्याही वर गेली, शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, शहराची वाट तुटली. मी अभियांत्रिकीच्या मुलांना नियंत्रणशास्त्र शिकवत आले, म्हणून पुरानंतर पेठेतल्या बायकांनी मलाच विचारले, "बाई, हे माणसानं केलं का देवानं?"

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, वेगवेगळ्या क्रिया आणि पाचवे दैव. कर्ता पाचांतला एक. ही मांडणी मला मनापासून पटते, पण एक गोष्ट तिच्यात सुटते. कोणत्या वेळी कोणाचा वाटा किती?

याचे उत्तर शोधताना मला माझा विषय आठवतो. १९६० च्या सुमारास रुडॉल्फ काल्मन यांनी गणितात एक प्रश्न नेमका मांडला: सतत बदलणारी व्यवस्था हातातल्या मोजक्या साधनांनी हव्या त्या स्थितीला नेता येते का? त्यांच्या मूळ उत्तरात साधनाचा जोर हवा तेवढा धरलेला आहे. जोराला मर्यादा घातली की चित्र बदलते. आपणहून निवत जाणारी व्यवस्था थोड्या जोरानेही, उशिरा का होईना, ताळ्यावर येते. आपणहून भडकत जाणारी मात्र एका हद्दीच्या आत असेपर्यंतच आवरते. ती हद्द ओलांडल्यावर सगळा जोर लावूनही काही होत नाही. पूर बाहेरून, आभाळातून येतो, त्याला हे गणित जसेच्या तसे लागत नाही. हद्द मात्र त्यालाही आहे, आणि ती म्हणजे धरणातली रिकामी जागा.

शाहू महाराजांनी भोगावतीवर सुरू केलेले राधानगरीचे धरण घ्या. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी जाते. धरण भरले की पाणीच त्यांना उघडते, हुकूम कोणी देत नाही. आधीच धरण थोडे रिकामे करायचे तर या सातांचा उपयोग नाही. शिवाय पंचगंगेचे पाणी एकाच धरणाचे नसते: कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या चिखलीच्या प्रयागावर एकत्र येतात, आणि धरणांच्या खाली पडणारा पाऊस तर कुठल्याच दरवाजाला विचारत नाही. म्हणजे पाणी पन्नास फुटांवर असताना "कोण जबाबदार" म्हणून ओरडावे, तर त्या घटकेला कोणाच्याच हातात फारसे काही उरलेले नसते. हात होता तो आधी, धरणात जागा होती तेव्हा. दैव आणि पुरुषार्थ यांची वाटणी माणसामाणसांत होत नाही, काळात होते, असे मला वाटते.

माझी आत्या कुरुंदवाडची. नरसोबाच्या वाडीला कृष्णा-पंचगंगेचे पाणी चढून दत्तपादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, तेव्हा माणसे त्यात स्नानाला धावतात. पाणी आणखी वाढले की उत्सवमूर्ती वर हलवतात. आत्या म्हणायची, "देव वर जातात न्हवं, मग आपण का अडून बसायचं?" याला मी हार मानत नाही. हद्द ओलांडून गेल्यावर जे योग्य ते ती करत होती. वेळेवर घर सोडणे हाही पुरुषार्थच आहे, आणि चिखली-आंबेवाडीची माणसे तो दर मोठ्या पुराला करतात.

अवघड कर्म वेगळेच आहे, जुलैतले. धरण अर्धे भरलेले, आभाळ गप्प, आणि ठरवायचे असते की पाणी सोडायचे का. सोडले आणि पुढे पाऊस रुसला तर मार्च-एप्रिलात ऊस वाळतो, शेतकरी दारात येतो. नाही सोडले आणि ढग फुटला तर कोल्हापुरातल्या सुतारवाड्यात पाणी शिरते. पाऊस येईतो कोणालाच ठाऊक नसते. फळाच्या आशेशिवाय कर्म करणे म्हणजे काय, याचे इतके नेमके उदाहरण मला प्रवचनात मिळाले नाही. हवामानाचा अंदाज आणि पाण्याचा हिशेब नीट पाहून ज्या अधिकाऱ्याने पाणी सोडले, त्याला पुढे पाऊस आला नाही म्हणून चौकात शिव्या घालणे मला मान्य नाही. तसेच हिशेब न करता बसून राहिलेला, केवळ पूर आला नाही म्हणून सुटतो, हेही नाही.