डिझेल की पेट्रोल : ट्रेलर ओढणारा ट्रक आणि निवडीचे तत्त्वज्ञान

अमेरिकेत जड ट्रेलर ओढण्यासाठी पिकअप ट्रक घेणाऱ्याला एकाच गाडीत दोन इंजिनांचे पर्याय मिळतात. फोर्डचा एफ-२५०, रॅमचा २५००, शेव्हरोलेचा सिल्व्हराडो २५०० : सांगाडा तोच, केबिन तीच, मागचा हौदाही तोच, फरक बॉनेटखाली. एक इंजिन पेट्रोलचे, दुसरे डिझेलचे. घोडे नेणारा पशुपालक, छोटा एक्स्कॅव्हेटर वाहून नेणारा कंत्राटदार, फिरते घर मागे जोडून निघणारे निवृत्त जोडपे, या सगळ्यांना यांतले एक निवडावे लागते. वरवर पाहता हा यंत्रशास्त्राचा आणि हिशेबाचा प्रश्न आहे. तरी सगळे आकडे समोर असतानाही अनेकांचा निर्णय अडतो. माहिती पुरेशी असूनही निवड का अडते, आणि अडलेली निवड विवेकाला धरून कशी करता येते, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे. ट्रकच्या बाबतीत तो अधिक स्पष्ट दिसतो, कारण इथे दोन्ही बाजूंचे बरेचसे गुणदोष मोजता येतात.

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण ठिणगीने पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा साधारण सोळापट दाबली की ती इतकी तापते की तिच्यात फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेल यांचे असे पहिले यशस्वी इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे चालले. दाब जास्त असल्यामुळे इंधनातली अधिक ऊर्जा कामी येते. शिवाय लिटरमागे डिझेलमध्ये ऊर्जाच दहा-बारा टक्के जास्त असते. टर्बोची, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याची, जोड मिळाली की इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरही मोठा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिळतो. फोर्डच्या ७.३ लिटरच्या पेट्रोल इंजिनाची ताकद ४३० अश्वशक्ती आणि टॉर्क ४८५ पौंड-फूट. त्याच गाडीतल्या ६.७ लिटरच्या डिझेलची ताकद ४७५ अश्वशक्ती आणि टॉर्क १,०५० पौंड-फूट. म्हणजे अश्वशक्तीत फरक थोडा, टॉर्कमध्ये दुपटीहून अधिक. रॅममध्ये १९८९ पासून कमिन्सचे डिझेल इंजिन बसते. हे नाव पुण्याला नवे नाही; किर्लोस्करांच्या भागीदारीतली कमिन्स कंपनी १९६२ मध्ये स्थापन झाली आणि तिचा कारखाना कोथरूडला उभा राहिला.

या आकड्यांचा अर्थ घाटात कळतो. कोलोरॅडोतला आयझेनहॉवर बोगदा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. टर्बो नसलेले इंजिन विरळ हवेत दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद गमावते. त्या बोगद्यापाशी पोहोचेपर्यंत अशा पेट्रोलच्या ट्रकची जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेलेली असते. टर्बोमुळे डिझेलला हा फटका फारसा बसत नाही. उतारावर डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक ट्रेलरचे वजन अडवून धरतो, त्यामुळे चाकांचे ब्रेक तापत नाहीत. पेट्रोलचा चालक खालचा गिअर टाकून इंजिनाचा ओरडा सहन करतो. पोहोचतात दोघेही.

डिझेलच्या विरुद्ध बाजूला पहिली येते किंमत. डिझेल इंजिनासाठी साधारण दहा हजार डॉलर जास्त मोजावे लागतात. धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करण्यासाठी युरियाचे द्रावण भरत राहावे लागते, काजळी अडवणारा फिल्टर सांभाळावा लागतो, कडाक्याच्या थंडीत डिझेलमधले मेण गोठते आणि दुरुस्ती महाग पडते. समजा, ट्रेलर ओढताना पेट्रोलची गाडी गॅलनला ८ मैल जाते आणि डिझेलची ११ मैल, पेट्रोल ३.२० डॉलर गॅलन आहे आणि डिझेल ३.७०. मग मैलामागे वाचतात जेमतेम सहा सेंट, आणि वरचे दहा हजार डॉलर भरून निघायला सुमारे १ लाख ५७ हजार मैल ट्रेलर ओढावा लागतो. जुनी गाडी विकताना डिझेलला भाव बरा येतो, म्हणून हा आकडा प्रत्यक्षात काहीसा खाली येतो. तरीही काटकसरीच्या नावाखाली डिझेल घेणाऱ्याने हे गणित एकदा कागदावर मांडलेले बरे.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत ठळक दिसत नाही. ट्रकवर किती भार टाकता येतो, हे दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर छापलेले असते. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग ट्रकच्या मागच्या जोडावर येतो. हौद्यात बसणाऱ्या फिफ्थ-व्हील ट्रेलरचा पंधरा ते पंचवीस टक्के. डिझेलचे इंजिन मुळातच शेकडो पौंड जड. गाडीच्या एकूण वजनाची मर्यादा तीच असेल, तर हे वजन वाहायच्या भारातून वजा होते. ज्याच्याकडे ओढण्याचा जोर अधिक, त्यालाच पाठीवर भार घेण्याची मुभा कमी, असा हा विरोधाभास आहे.

एवढे कळूनही निवड का अडते, हे समजायला न्यायदर्शन उपयोगी पडते. त्याने सांगितलेल्या सोळा पदार्थांत, म्हणजे विचाराच्या विषयांत, संशय तिसरा आणि प्रयोजन चौथे. हा क्रम अर्थपूर्ण मानता येतो. दोन गोष्टींतले समान धर्म दिसतात, वेगळेपण ठरवणारा विशेष दिसत नाही, तेव्हा संशय उभा राहतो. संधिप्रकाशात समोर खोडाचा खुंट आहे की माणूस, हे त्याचे परंपरेतले उदाहरण. प्रयोजन म्हणजे ज्याच्यासाठी माणूस कृतीला लागतो ते. दोन ट्रकांचे विशेष माहीत नाहीत म्हणून निवड अडते, असे सहसा नसते. विशेष तर तक्त्यात छापलेले असतात. अडचण प्रयोजनाची असते. कोणते ओझे, किती वेळा, कोणत्या रस्त्याने न्यायचे, हे ठरलेले नसते आणि साधनांची तुलना मात्र हिरिरीने चालू असते. ॲरिस्टॉटलने ‘निकोमाखसच्या नीतिशास्त्रा’च्या तिसऱ्या भागात म्हटले आहे की विचारविनिमय साध्याबद्दल होत नाही, साधनांबद्दल होतो, रोग्याला बरे करावे की नाही, याचा वैद्य खल करत नाही. पण वैद्याचे साध्य त्याच्या व्यवसायाने ठरवून दिलेले असते. ट्रक घेणाऱ्याचे तसे नसते. ज्याला साधनांचा वाद समजले जाते, तो इथे बहुधा न ठरलेल्या साध्याचा वाद असतो.

या न ठरलेल्या साध्याचे नेहमीचे रूप असे : गाडी सर्वांत कठीण दिवसासाठी घ्यावी की रोजच्या दिवसासाठी? ओढण्याची क्षमता ठरवणारे अमेरिकी मानक, एसएई जे-२८०७, पहिल्या बाजूने विचार करते. ॲरिझोनात डेव्हिस धरणाजवळून वाळवंटातला लांब चढ सुरू होतो. तिथे एसी पूर्ण चालू ठेवून, पूर्ण ओझ्यासह, मागे दोनच चाके असलेल्या ट्रकचा वेग ताशी ४० मैलांखाली येता कामा नये. वाईटातल्या वाईट प्रसंगी जे सर्वांत कमी वाईट ते निवडावे, या नियमाला तत्त्वज्ञ जॉन रॉल्सच्या १९७१ च्या ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’मुळे प्रतिष्ठा मिळाली. मात्र अनिश्चिततेतल्या सगळ्याच निवडींना हा नियम लागू पडत नाही, हे रॉल्सनेच स्पष्ट केले होते. समाजाची मूळ रचना ठरवणे हा त्याचा विषय होता. वर्षातून एकदा रॉकी पर्वत ओलांडणाऱ्याला तो चढ थोडा हळू चढावा लागला, तर त्यात अनर्थ नाही. रोज घाटातून गुरे नेणाऱ्याचे तसे नाही, कारण त्याचा कठीण दिवस हाच रोजचा दिवस असतो.

न वापरलेली क्षमता निरुपद्रवी असते, हे गृहीतही इथे टिकत नाही. डिझेलच्या धुरातली काजळी फिल्टरमध्ये साठते आणि गाडी सलग, भाराखाली चालून धूर पुरेसा तापला की जळून जाते. दुकानापर्यंत आणि शाळेपर्यंतच्या छोट्या फेऱ्यांत तो तापत नाही, आणि फिल्टर तुंबतो. शिल्लक ताकद तिजोरीतल्या पैशासारखी पडून राहत नाही. तिला काम लागते.

निवडीचा भार घेणाऱ्यापुरताच नसतो, हे धुरामुळे उघड होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग होण्याचे सिद्ध कारण म्हणून नोंदवला. २००७ आणि २०१० च्या अमेरिकी नियमांमुळे नव्या डिझेल गाड्यांचा धूर बराच स्वच्छ झाला. कार्बन डायऑक्साइडचा हिशेब तर काहीसा डिझेलच्या बाजूनेच जातो. एक गॅलन डिझेल जळल्यावर १०.१८ किलो आणि पेट्रोल जळल्यावर ८.८९ किलो वायू निघतो. पण ओझे ओढताना डिझेल इतके कमी लागते की वरच्या उदाहरणातल्या आकड्यांनी मैलामागे डिझेलचाच वायू कमी भरतो. खरा दोष दुसरीकडे आहे. फिल्टर आणि युरियाची यंत्रणा काढून टाकलेल्या डिझेल पिकअपांची संख्या दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक झाल्याचा अंदाज अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये मांडला. असे करणे बेकायदा आहे. ‘माझी गाडी, माझी मर्जी’ हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही, कारण ताकद मालकाच्या वाट्याला येते आणि काजळी रस्त्याकडेला राहणाऱ्यांच्या छातीत जाते. निवडीतला हा भाग तोलायचा नसतो. तो आधीच वर्ज्य असतो.

वर्ज्य ते वगळून, प्रयोजनही ठरवून, एखाद्यापुढे दोन्ही ट्रक उरतातच. वर्षातून पाच-सहा लांब प्रवास, मध्यम वजनाचा ट्रेलर, अधूनमधून डोंगर. एकीकडे स्वस्ताई आणि साधी दुरुस्ती, दुसरीकडे घाटातली निश्चिंती. दोन्ही समान मानून नाणे उडवावे काय? एक साधी चाचणी आहे. गाड्या खरोखर समान असतील, तर डिझेलवर पाचशे डॉलरची सूट मिळताच डिझेल सरस ठरायला हवे, कारण समान दोहोंपैकी एकात थोडी भर पडली की ते वरचढ होते. प्रत्यक्षात तसे होतेच असे नाही. सूट मिळूनही मन तिथेच अडकलेले असू शकते. म्हणजे त्या समान नव्हत्या, आणि एक दुसरीपेक्षा सरसही नव्हती. तत्त्वज्ञ जोसेफ राझने १९८६ च्या ‘द मोरॅलिटी ऑफ फ्रीडम’मध्ये अशा पर्यायांना एका मापाने न मोजता येणारे म्हटले. तत्त्वज्ञ रूथ चँगने पुढे मांडले की सरस, निरस आणि समान यांखेरीज एक चौथे नाते संभवते : दोन्ही तोलामोलाचे, तरीही वेगळ्या जातीचे. पैसा आणि निश्चिंती यांना एकच तागडी नाही, म्हणून किती सेंट वाचले हे कळूनही उत्तर मिळत नाही.

अशा ठिकाणी कारणे संपतात आणि माणूस एका बाजूला स्वतःला बांधून घेऊन नवे कारण निर्माण करतो, असे चँगचे म्हणणे. घाटातली निश्चिंती आपल्याला महत्त्वाची, असे ठरवणाऱ्याला तेव्हापासून डिझेल घेण्याचे खरे कारण मिळते. या मताविरुद्ध आक्षेप सरळ आहे : मग कोणतीही हौस कारण म्हणून खपवता येईल. एक्झॉस्टचा आवाज आणि शेजाऱ्याच्या नजरेतला हेवा यांसाठी घेतलेला ट्रकही ‘निश्चिंती’च्या नावावर जाईल. आक्षेपात तथ्य आहे. पण बांधून घेणे म्हणजे नुसते म्हणणे नव्हे, हे लक्षात घेतले की त्याची धार कमी होते. ज्याने ओझ्यासाठी डिझेल घेतले, त्याच्या गाडीला ट्रेलर जोडलेला दिसतो, दाराच्या पट्टीवरचा आकडा त्याला पाठ असतो, फिल्टर जागेवर असतो आणि जळून मोकळा होण्याइतका तो लांब चालतो. ज्याची गाडी वर्षभर बाजारहाटच करते आणि फिल्टर तुंबल्यावर जो तो उपटून टाकतो, त्याने सांगितलेले कारण त्याने कधी निर्माण केलेलेच नसते.