जुनी मोटार : भोग कीं सांभाळ?

माझ्याजवळ १९६६ सालची एक फिआट मोटार आहे. ती माझ्या वडिलांनीं घेतली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत ती जन्मली. आणि वडिलांच्या मागें गेलीं सत्तावीस वर्षें ती माझ्याकडे आहे. गेल्या दिवाळीच्या सुटींत एक सुसंस्कृत व धनवान् गृहस्थ ती पाहावयास आले. त्यांच्या संग्रहीं अशा पुष्कळ मोटारी आहेत. त्यांनीं सांगितलेली किंमत माझ्या अपेक्षेच्या कितीतरी पलीकडची होती. आणि त्या किंमतीहूनहि मोहक असें एक आश्वासन त्यांनीं दिलें. ते म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, कारखान्यांतून निघाली त्या दिवशीं होती तशी ही गाडी करूं. कांचेच्या दालनांत ठेवूं. रस्त्याची धूळ म्हणून तिला पुन्हां लागावयाची नाहीं!" मीं दोन दिवसांची मुदत मागून घेतली. तीस वर्षें नीतिशास्त्र शिकवूनहि मला त्यांना तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं, याची मला थोडी लाज वाटली. त्या दोन दिवसांत मनांत जो वाद चालला तोच येथें मांडीत आहें.

प्रश्न असा आहे : एखाद्या जुन्या वस्तूवर आपलें खरोखर प्रेम असेल, तर ती वापरून झिजूं द्यावी, कीं न वापरतां जपावी? वापरावी तर प्रत्येक फेरींत तिचें आयुष्य थोडें खर्ची पडतें. जपावी तर ज्या कामासाठीं ती निर्माण झाली त्या कामाला ती मुकते. दोन्ही बाजूंस प्रेमाचाच आधार दाखवितां येतो, म्हणून हा निवाडा अवघड.

हा छंद रूढ झाला तो मुख्यतः इंग्लंडांत. मोटारीपुढें एक माणूस पायीं चालला पाहिजे, असा एक चमत्कारिक कायदा तेथें होता; तो १८९६ सालीं रद्द झाला, आणि त्या आनंदाप्रीत्यर्थ नोव्हेंबर महिन्यांत लंडनहून ब्रायटनपर्यंत मोटारींची मिरवणूक निघाली. १९२७ सालीं तिच्या स्मरणार्थ जुन्या गाड्या पुन्हां त्याच वाटेनें निघाल्या, व ती यात्रा आजहि भरते. १९०५ पूर्वींच्या गाड्यांनाच तींत प्रवेश असतो. पुढें १९३४ सालीं 'व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब' स्थापन झाला, तो बेताच्या ऐपतीच्या हौशी लोकांसाठीं. नव्या झगमगीत गाड्यांपेक्षां १९३० पर्यंतच्या गाड्यांची घडण अधिक सच्ची होती, अशी त्यांची श्रद्धा होती. ते गाड्या विकत घेत, स्वतः दुरुस्त करीत, आणि डोंगरचढणीवर व शर्यतींत निर्दयपणें दामटीत. ज्यास मी जुन्या वळणाचा हौशी म्हणतों तो हा. गाडी पुरातन आहे याचा त्याला आनंद. पण ती अजून चालते, याचा त्याहून अधिक.

मग किंमत आली. २०२२ च्या मे महिन्यांत मर्सिडीझ-बेंझची १९५५ सालची एक गाडी साडेतेरा कोटि युरोंस विकली गेली. तशा दोनच गाड्या बनल्या होत्या. तेव्हां तिचें मोल कोणास नाकारतां येणार नाहीं. परंतु किंमत एकदां दारांतून आंत आली कीं तिच्यापाठोपाठ भीति येते. ओरखडा पडेल काय, मैल वाढतील काय, पत्र्याचा मूळ रंग उतरेल काय! जी वस्तु धन्याची चाकरी करावयाची तिची पहारेकरी म्हणून धन्यानेंच चाकरी करावयाची, अशी ही उलटापालट आहे.

या भीतीच्या मुळाशीं एक कल्पना आहे : गाडीचें सत्त्व तिच्या मूळ सुट्या भागांत असतें. ही कल्पना कितपत टिकते हें पाहण्यास एक प्रसिद्ध खटला उपयोगी पडतो. बेंटले कंपनीची 'ओल्ड नंबर वन' ही गाडी १९२९ व १९३० अशीं लागोपाठ दोन वर्षें फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुढें तिचीं अंगें बदलत गेलीं. १९३२ सालीं ब्रूकलंड्स येथें तिला भीषण अपघात झाला व तींत चालक ठार झाला. नंतर तिची पुन्हां नव्यानें बांधणी झाली. १९९० सालीं ती एक कोटि पौंडांस विकण्याचा करार झाला, तेव्हां खरेदीदार म्हणाले, "ही ती गाडीच नव्हे!" आणि १९२९ सालचा भाग तींत खरोखरच नांवापुरता उरला होता. तरीहि इंग्लंडच्या न्यायालयानें ती तीच गाडी ठरविली. तिच्यांत बदल झाले ते क्रमाक्रमानें. जुनी गाडी अमुक दिवशीं संपली व नवी अमुक दिवशीं जन्मली, असें बोट ठेवून सांगतां येईल असा क्षणच तिच्या चरित्रांत सांपडला नाहीं.

मला हा निर्णय कायद्याप्रमाणेंच तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनेंहि पटतो. आपल्या देहाचें तरी दुसरें काय आहे? माझ्या फिआटचे पिस्टन दोनदां बदलले, तळाचा पत्रा गंजून गेला तो नवा घातला, आणि वडिलांच्या वेळचा फिकट निळा रंग आतां तिच्या टपाच्या आंतल्या बाजूसच काय तो दिसतो. तरी ती तीच आहे. कारण ती चालणें व दुरुस्त होणें यांचा धागा मधें तुटलेला नाहीं. उलट, संग्राहक महाशय तिला १९६६ सालच्या एका सकाळींत नेऊन बसवूं पाहत होते. त्यानंतरचीं सगळीं वर्षें, म्हणजे माझ्या आईला प्रसूतीसाठीं दवाखान्यांत नेणारी ती रात्रहि, त्यांच्या हिशेबीं पुसून टाकण्याजोगा मळ होती.

येथें आक्षेपक म्हणेल, "हें सारें ठीक, पण तुमच्या या प्रेमाचा धूर इतरांनीं कां सोसावा?" आक्षेप खरा आहे. जुनें इंजिन नव्यापेक्षां अधिक विषारी धूर सोडतें. सरकार पर्यावरण कर घेतें तो मी कुरकूर न करतां भरतों, पण कर भरल्यानें धूर कमी होत नाहीं. म्हणून आठवड्यांतून एक फेरी, तीहि पहांटे, एवढीच मर्यादा मीं घालून घेतली आहे. दुसरा आक्षेप याहून बोंचरा आहे. जुन्या मोटारीचें कौतुक करतांना आपण जुन्या काळाचेंहि खोटें कौतुक करतों. माझ्या वडिलांना या गाडीसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागली होती. शेजारच्या चाळींतल्या कुटुंबांना तर ती वाट पाहण्याचीहि ऐपत नव्हती. तो काळ परत यावा असें मी मुळींच म्हणणार नाहीं. काळ गेला तें बरेंच झालें. त्या काळानें शिकविलेलें एखादें कौशल्य मात्र त्याबरोबर जाऊं नये.

कौशल्याची ही गोष्ट मला आमच्या मिस्त्रींनीं शिकविली. त्यांचें वय आज ऐंशीच्या घरांत आहे. बॉनेट न उघडतां, नुसत्या आवाजावरून, पॉइंट जळले आहेत कीं टॅपेट ढिले आहेत हें ते सांगतात. जोंवर मुंबईंत पद्मिनी टॅक्स्या धावत होत्या तोंवर या इंजिनाचे भाग आणि तीं ओळखणारीं माणसें यांची वाण नव्हती. शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून गेली. मिस्त्रींच्या मुलांनीं दुसरे व्यवसाय धरले, यांत त्यांचा कांहीं दोष नाहीं. पण मिस्त्रींच्या कानांत जें ज्ञान आहे तें पुस्तकांत नाहीं, आणि कांचेच्या दालनांतल्या मुक्या गाडीपाशीं तें कोणास शिकतांहि येणार नाहीं. मीं त्यांना त्या गृहस्थांचें बोलणें सांगितलें, तेव्हां ते एवढेंच म्हणाले, "साहेब, गाडी उभी ठेवूं नका. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षां लवकर मरते." हें अक्षरशः खरें आहे. उभ्या गाडीचें रबर वाळतें, कार्बुरेटरमध्यें पेट्रोलची खळ जमते, ब्रेकचे सिलिंडर धरतात. न वापरतां जपणें हाहि झिजण्याचाच एक प्रकार ठरतो.

आपल्या कायद्यापुढेंहि हाच पेंच आहे. २०२१ सालच्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांवरील गाडीस 'व्हिंटेज' म्हणून निराळी नोंदणी मिळते. मात्र ती मूळ स्वरूपांत असली पाहिजे, आणि मग प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांखेरीज ती रोजच्या वापरास रस्त्यावर आणतां येत नाहीं. नियम करणाऱ्यांचा हेतु चांगला आहे, आणि ज्या गाडीचे जगांत एकदोनच नमुने उरले तिला पदार्थसंग्रहालयच योग्य, हेंहि मी मान्य करतों. परंतु हजारोंनीं बनलेल्या, मध्यमवर्गाच्या संसारांत राबलेल्या गाडीचा सन्मान तिला रस्त्यावरून उठवून कसा होणार? मी माझी नोंदणी साधीच ठेवली आहे.

शेवटीं एक शंका उरलीच. "विकणार नाहीं" असें म्हणण्यांत माझा अहंकारच नसेल कशावरून? गाडी न विकणाराहि मालकीचाच उपभोग घेत असतो. या शंकेवर मला एकच कसोटी सुचली : ही वस्तु माझ्याजवळ असल्यानें तिचें कांहीं बरें होतें, कीं केवळ माझेंच? आणि ती दुसऱ्याच्या हातीं देतांना माझा हात आंखडतो काय? माझ्या मुलीला मीं वर्षभर चावी दिली नव्हती, हें या वेळीं मला आठवलें. त्याच संध्याकाळीं तिला घेऊन बसलों. चोक किती ओढावा, स्टीअरिंगच्या दांड्यावरचा गिअर कसा हलक्या हातानें टाकावा, हें सांगितलें. चार वेळां इंजिन बंद पडलें, पांचव्या वेळीं ती म्हणाली, "बाबा, आतां तुम्ही बोलूं नका, मला आवाज ऐकूं द्या."

दोन दिवसांनीं ते गृहस्थ आले. गाडी विकावयाची नाहीं, असें मीं त्यांना सांगितलें. पण रविवारीं पहांटे खडकवासल्यापर्यंत या, आणि गाडी तुम्हीच चालवा, अशी विनंति केली. ते आले. प्रथम जरा बिचकले, मग सरसावून बसले. धरणाजवळ उतरल्यावर हातावरचें ग्रीस रुमालाला पुशीत ते म्हणाले, कीं आपल्या संग्रहांतील एकहि गाडी आपण स्वतः कित्येक वर्षांत चालविलेली नाहीं. परततांना त्यांनीं आमच्या मिस्त्रींचा पत्ता विचारून घेतला.